बेसबॉलमध्ये दुसरा स्पेल नसतो

एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या टीमच्या सगळ्यात चांगल्या पिचरला मी दुसऱ्या इनिंगनंतर बाहेर काढलं. त्याला काही दुखत नव्हतं, तो दमला नव्हता, आणि समोरच्या टीमला त्याचा एकही बॉल कळत नव्हता. नागपूरहून आलेले त्याचे वडील आयुष्यात पहिल्यांदा मुलाचा खेळ बघायला काठावर खुर्ची टाकून बसले होते. तरी मी काढलं, आणि काढताना वर खोटंही बोललो. नुसती चूक असती तर कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो. पण चुकीवर खोटं आणि खोट्यावर दोन आठवडे गप्प बसणं, असा माल साठला की माणसाला चहा गोड लागत नाही. मला तर तो डॉक्टरांनी तसाही बिनसाखरेचाच सांगितला आहे.

खरं तर त्या साखरेपासूनच सगळं सुरू झालं. मी मूळचा पुण्याचा, वय त्रेपन्न, राहायला लंडनच्या हाउन्सलोत. माल पाठवणाऱ्या एका कंपनीत कुठल्या गोदामात काय किती ठेवायचं याचं नियोजन करतो. म्हणजे दुसऱ्यांनी काय करायला हवं होतं हे दिवसभर सांगणं, हीच माझी नोकरी. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी माझा रक्ताचा रिपोर्ट बघून रोज चालायला सांगितलं. म्हणून एका रविवारी घरापासून लांबच्या एका मैदानाला वळसा घालत होतो. वरून विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. तेवढ्यात मैदानातून खणखणीत मराठी ऐकू आलं.

"अरे, बॉल आहे तो, बाँब नाही! पकड की!"

ओरडणारे गृहस्थ सत्तरीचे होते आणि ज्याच्यावर ओरडत होते तो एक पोलिश इलेक्ट्रिशियन होता. त्याला मराठीचा म सुद्धा येत नव्हता, पण त्याने पुढचा बॉल पकडला.

हे आमचे कोच. सगळे त्यांना 'कोच' म्हणतात, मी काका म्हणतो. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. मुंबईत वाढले, तरुणपणी अमेरिकेत एका कारखान्यात बारा वर्षं काढली, तिथे बेसबॉल शिकले आणि मुलीच्या मागे लंडनला आले. त्यांचं मराठी पन्नास वर्षांपूर्वी जसं होतं तसंच जपून ठेवल्यासारखं आहे. शनिवार पाळतात, फोनला हातही लावत नाहीत, म्हणून टीमचे सामने रविवारीच. मी तिथे उभा राहिलो, दोन शब्द बोललो, त्यांनी मला फ्लास्कमधला चहा दिला. पुढच्या रविवारी मी माझा फ्लास्क घेऊन गेलो. महिन्याभरात मी त्या टीमचा एकुलता एक प्रेक्षक झालो होतो, आणि प्रेक्षक झाल्यावर मला मतं फुटली.

ज्यांनी बेसबॉल बघितलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त टप्पा न पाडता टाकणारा. समोरच्याचे तीन जण आउट झाले की त्यांची इनिंग संपते, मग आपण बॅटिंग करतो, आणि असं आमच्या लीगमध्ये सात वेळा चालतं. एवढं मला पहिल्या दिवशी कळलं. अडचण अशी की एवढं कळल्यावर सगळंच कळलं असं मला वाटलं.

यंदाचा सीझन एप्रिलच्या सुरुवातीला सुरू झाला. काकांनी चौदा जणांची यादी जाहीर केली आणि मी ती बसच्या स्टॉपवर उभा राहून वाचताना बस सोडली. त्यात तो पोलिश इलेक्ट्रिशियन पुन्हा होता. पन्नाशीचा गडी, फर्स्ट बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्यावर, उभा राहतो आणि वाकायचं असेल तर आधी विचार करतो. मी काकांना विचारलं, "याला कशाला घेतलात?"

"तो वेळेवर येतो," काका म्हणाले.

वेळेवर येतो म्हणून टीममध्ये! पुण्यात वाढलेल्या माणसाला एरवी हे पटायला हवं होतं, पण मी क्रिकेटच्या अंगाने पेटलो होतो. त्याहून मोठा घोळ पिचिंगचा. आमच्याकडे दोनच खरे पिचर. एक व्हेनेझुएलाचा उंच तरुण, हीथ्रोवर विमानात बॅगा चढवतो आणि बॉलही तसाच जिवाच्या कराराने फेकतो. दुसरा आमचा नागपूरकर. वय एकेचाळीस, स्लाऊच्या एका डेटा सेंटरमध्ये काम करतो, मला दादा म्हणतो. त्याचा बॉल हळू येतो. इतका हळू की समोरचा आधी बॅट फिरवून मोकळा होतो आणि मग बॉल खाली झुकत शांतपणे त्याच्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातात जाऊन बसतो.

आता क्रिकेट बघितलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा, नवा बॉल कोणाला द्यायचा? वेगवान बोलरला. आमचे काका पहिल्या सामन्यात तो देतात नागपूरकराला! म्हणजे सकाळी सकाळी स्पिनर! बरं दिला तर दिला, पण साठ बॉल झाले की हातातलं मोजायचं यंत्र दाबून त्याला बाहेर काढतात. चार-एक अशी आघाडी असताना काढला. का, तर एप्रिलच्या थंडीत खांदा जातो म्हणे. साठ बॉल म्हणजे दहा ओव्हर! आमच्या लहानपणी गल्लीत एकेक जण दुपारभर टाकायचा आणि संध्याकाळी सायकलने क्लासला जायचा. मग व्हेनेझुएलावाला आला, त्याचे बॉल कुंपणापलीकडच्या कुत्र्यांना लागतील असे जायला लागले, आणि आपण पाच-चार असे हरलो. नागपूरकर बाकावर बसून संत्रं सोलत होता. त्याला परत आणायला काय हरकत होती? दुसऱ्या रविवारी हुबेहूब तेच. काढला म्हणजे काढला, पुन्हा आणायचं नावच नाही. याला मी काकांचा हट्ट समजत होतो.

मी हे सगळं काकांना वेळोवेळी लिहून कळवत होतो. दोन वर्षांपासून दर सामन्यानंतर एक लांब मेसेज, कधी सोबत तक्ता. माझा मुख्य मुद्दा कायम एकच: 'पिचरला दुसरा स्पेल का देत नाही?' मी बहुधा शुक्रवारी ऑफिसातून निघताना पाठवायचो, शनिवारी शांतता, आणि सूर्य मावळला की काकांचा एक अंगठा यायचा. वर केलेला अंगठा. मी तो बायकोला दाखवायचो.

"बघ, पटलंय त्यांना."

"मग करत का नाहीत ते तसं?" ती म्हणायची. "तू मॅच बघायला जातोस की ऑडिटला?"

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गेल्या हिवाळ्यात काकांनी मला नियमांचं पुस्तक दिलं होतं. "वाच, म्हणजे स्कोअर लिहायला बसवतो तुला." मी मैदानाच्या मापांचं पहिलं प्रकरण वाचलं, त्यात झोप लागली, आणि महिन्याने पुस्तक परत करताना म्हणालो, "वाचलं काका. दोनदा." हे 'दोनदा' कशाला जोडलं ते मला आजही सांगता येणार नाही.

तर तिसऱ्या सामन्याच्या आधी काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. गुरुवारी ऑपरेशन, रविवारी मैदानात यायचं नाही, धूळ नको. बुधवारी त्यांचा फोन आला.

"ऐक. रविवारी तू उभा राहा माझ्या जागी. बाकीचे सगळे खेळणार, बाहेरचा तूच आहेस. यादी मी लावलीय. सुरुवात नागपूरकर करेल. साठ बॉल होईस्तोवर त्याला हात लावायचा नाही. त्याचे वडील आलेत, मंगळवारी परत जायचेत, त्यांना पोराचा खेळ बघू दे. तू बॉल मोज, चहा पी, आणि डोकं चालवू नकोस."

"काका, निर्धास्त राहा."

"नियम वाचलेत ना?"

"दोनदा," मी म्हणालो.

रविवारी वारा असा होता की स्कोअरचा कागद मांडीखाली धरून लिहावं लागत होतं. नागपूरकराचे वडील आले ते माकडटोपी, त्यावर मुलाचं फुगीर जॅकेट आणि पायात दोन मोज्यांवर चप्पल अशा वेशात. गणिताचे निवृत्त शिक्षक. मी त्यांना सर म्हणालो, त्यांनी ते मान्य केलं. मी त्यांची घडीची खुर्ची माझ्या शेजारी लावली.

पहिल्या इनिंगमध्ये नागपूरकराने तिघांना उभ्या उभ्या आउट केलं. मी टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?"

"तीन आउट, सर."

"पण कोणी बॉलला मारलं तर नाही."

"म्हणूनच तर आउट."

"म्हणजे समोर काहीच घडलं नाही, की माझा मुलगा चांगला?"

"साधारण तसंच."

"बाप्पा! मग हा खेळ त्याला शाळेतच जमला असता. तेव्हाही काहीच घडत नव्हतं."

मी हसलो. सर हसले नाहीत. थोड्या वेळाने मैदानाकडे बघतच म्हणाले, "दहावीला मी याची बॅट कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. पेपर संपले की देतो म्हणालो. मग बारावी आली, मग इंजिनिअरिंग. याने परत कधी मागितली नाही." आणि जरा थांबून, "चांगला फेकून राहिला ना?"

"सर, आमच्यात सगळ्यात चांगला तोच."

हे मी अगदी खरं बोललो होतो. त्या दिवशीचं ते माझं शेवटचं खरं वाक्य.

दुसरी इनिंगही तशीच गेली. तेवीस बॉल, सहा आउट, आणि बॅटिंगला येऊन आम्ही तीन रन पुढे. आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, हे सगळं फारच लवकर चाललंय. साठ बॉल पाचव्या इनिंगलाच संपतील, मग काका करतात तसं त्याला बसवायचं आणि शेवट व्हेनेझुएलावाल्याच्या हातात. सर बिचारे खेळ कळायच्या आधीचंच बघून नागपूरला जाणार. त्यापेक्षा मधल्या इनिंग बॅगावाल्याला देऊ, आणि शेवटच्या इनिंगला, सामना रंगात असताना, नागपूरकराला दुसऱ्या स्पेलला आणू. उरलेले सदतीस बॉल, वडिलांच्या डोळ्यांदेखत! दोन वर्षं जे लिहीत होतो ते करून दाखवायची संधी. त्यात सरांबद्दल माया किती होती आणि मेसेजमधलं माझं म्हणणं खरं करायची हौस किती होती, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. उत्तर माझ्या बाजूचं येत नाही.

मी नागपूरकराला बोलावलं.

"तू आता बस. जॅकेट घाल."

"दादा, मी बरा आहे. तेवीसच झालेत."

"माहितीय."

"काकांनी सांगितलंय?"

त्याला खरा बेत सांगावा तर सरांपुढची मजा जाईल, आणि नाही म्हणावं तर तो ऐकणार नाही. मी म्हणालो, "हो. काकांनीच सांगितलंय."

त्याने हातमोजा काढला. एकदा वडिलांच्या खुर्चीकडे बघितलं आणि बाकावर जाऊन बसला. कॅचर म्हणजे कॅनडाची एक नर्स आहे, फार शहाणी बाई. तिने मुखवटा वर करून मला इंग्रजीत विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. "तुम्ही बॉस," असं म्हणून तिने मुखवटा खाली घेतला. अंपायरने "बदली खेळाडू?" असं विचारलं. त्यालाही मी अनुभवी माणसासारखी मान हलवली.

"काऊन बसवलं त्याले?" सर म्हणाले.

"सर, थांबा जरा. राखून ठेवलाय. शेवटी त्यालाच आणणार आहे. खरी मजा तेव्हा."

"असं?" सरांनी खुर्ची दोन इंच पुढे सरकवली.

त्यानंतरचा दीड तास मला मिनिटामिनिटाने आठवतो. व्हेनेझुएलावाला दोन इनिंग बरा टिकला, मग बिघडला. सहाव्या इनिंगला तीन-तीन झाले. माझ्या दृष्टीने उत्तमच, सामना रंगत होता. सर गारठून गेले होते. एकदा बाथरूमला जाऊन येतो म्हणून उठले आणि परत बसले. "नको, तेवढ्यात आणाल तुम्ही त्याला." नागपूरकर बाकावरून दोनदा आला. "बाबा, चला घरी, थंडी आहे."

"थांब, तुझा नंबर यायचा आहे."

"बाबा, नाही येणार आता. तुम्हाला काही कळत नाही यातलं," तो जरा तोडून म्हणाला आणि गेला. सरांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. आमच्या दोघांचं गुपित होतं ना.

सातव्या इनिंगला मी छाती काढून अंपायरकडे गेलो. अंपायर म्हणजे एक निवृत्त इंग्रज पोस्टमन. मी त्याला नागपूरकराचा नंबर सांगितला. त्याने आपलं कार्ड बघितलं, मग मला बघितलं.

"तो तिसऱ्या इनिंगलाच बाहेर गेलाय."

"हो. विश्रांती झाली त्याची. आता परत आणतोय."

"परत येता येत नाही."

"आज येता येत नाही का?"

"कधीच येता येत नाही. बाहेर गेला की गेला."

"हा नियम कधीपासून?"

"खेळ सुरू झाल्यापासून," पोस्टमन म्हणाला. सुस्वभावी माणूस, हसला नाही. नर्स मात्र मुखवट्याआडून माझ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं कळलं आहे हे मला कळलं.

मी परत येऊन बसलो. पुढच्या दहा मिनिटांत आम्ही हरलो. लोक बेस उचलायला लागले, चेंडू पिशवीत भरायला लागले, तरी सर खुर्चीत पुढे वाकून बसलेले.

"झालं?"

"झालं, सर."

"अन् तो?"

"वेळ संपली, सर," मी म्हणालो. बेसबॉलला वेळेची मर्यादा नसते. हे मात्र मला माहीत होतं.

गाडीत सामान भरताना त्या दोघांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. नागपूरकर म्हणाला, "कोचनीच सांगून ठेवलं होतं मला काढायला. तुम्ही येणार हे माहीत असून." सरांनी खुर्चीची घडी घालून गाडीत ठेवली. मग म्हणाले, "त्यांले तू पसंत नाहीस, समजून घे ना. आता चाळिशीत कायले अपमान करून घेतो?" तेव्हाच मी चार पावलं पुढे जायला हवं होतं. मी फ्लास्क धुवायला नळाकडे गेलो.

मंगळवारी सर नागपूरला गेले. बुधवारी नागपूरकर सरावाला आला नाही आणि टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडला. पुढच्या रविवारी टीमने त्याच्याशिवाय खेळून मार खाल्ला. त्या सामन्यावर माझं काहीही मत नव्हतं. काकांचा फोन आला, आवाज खाली गेलेला.

"तो माझा फोन घेत नाही रे. बघायला पण आला नाही. माझं काही चुकलं का?"

"कामात असेल, काका," मी म्हणालो.

म्हणजे मी एका माणसाला खेळ सोडायला लावला होता, त्याच्या बापाचा गैरसमज करून दिला होता, आणि वर एका सत्तरीच्या माणसाला डोळ्याला ढापण लावून स्वतःच्या चुका शोधायला बसवलं होतं. बायको म्हणाली, "दोन आठवडे पिचिंगबद्दल एक शब्द नाही. तुला बरं नाहीये का? साखर तपासू या?" मी तपासली. साखर नेमकी उत्तम होती.

मला वाचा फुटली ती माझ्या धैर्याने नव्हे. काकांच्या डोळ्याने फुटली.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला. "डोळा लख्ख झालाय. काल दिवसभर बसून तुझे मेसेज वाचले."

"कुठले, काका?"

"सगळे. दोन वर्षांचे. नव्या डोळ्याला पहिलं तेच दाखवायला नको होतं."

"म्हणजे आधी वाचले नव्हते?"

"दिसत होतं कुठे? नुसती काळी मुंग्यांची रांग. मला वाटायचं, रविवारी येतोय असं कळवतोस. म्हणून अंगठा पाठवायचो."

मी खाली बसलो.

"एक सांग," काका म्हणाले, "हे दर मेसेजात 'दुसरा स्पेल' काय लिहिलंयस? काढलेला पिचर परत कसा आणणार? तू पुस्तक दोनदा वाचलंस ना?" मुंबईच्या माणसाला हिशोब लागायला वेळ लागत नाही. "अरे... त्या दिवशी तू त्याला काढलंस का?"

मी सगळं सांगितलं. पुस्तकाचं, तेवीस बॉलचं, सरांना दिलेल्या वचनाचं, आणि त्यांचं नाव घेतल्याचंही. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते हळू म्हणाले, "मैदानातच ठेवायचास रे त्याला. फर्स्ट बेसवर उभा करायचास, पोलंडला बसवायचं. मग परत पिचिंगला आणता आला असता. एवढंच करायचं होतं." यापेक्षा ओरडले असते तर बरं.

"काका, सॉरी. मी खरंच..."

"माझं राहू दे. मी म्हातारा आहे, दोन दिवसांत विसरेन. त्याला जाऊन सांग. आणि त्याच्या बापाला सांग. मेसेज नाही पाठवायचा. तुझे मेसेज कोणी वाचत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी स्लाऊला नागपूरकराच्या दारात उभा होतो. "या दादा," म्हणाला, पण नेहमीसारखं हसून नाही. स्वयंपाकघरात नेऊन चहा टाकला. मी तो उकळायच्या आत बोलायला सुरुवात केली, कारण चहा हातात आला असता तर मी हवापाण्यावर गेलो असतो. काकांनी काही सांगितलं नव्हतं, उलट हात लावू नकोस म्हणाले होते, हे ऐकून त्याने गॅस बारीक केला. नियमाचं ऐकून त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं बंद मशीनकडे बघतात.

"दोन सीझन येताय तुम्ही. एकदाही बघितलं नाहीत, कोणी परत येत नाही म्हणून?"

"बघितलं. मला वाटलं, काकांचा हट्ट आहे."

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. मग एकदम गंभीर झाला. "थांबा. बाबा म्हणत होते, तुझा नंबर यायचा आहे. ते तुम्ही सांगितलं होतंत?"

"हो."

"आणि मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणालो, तुम्हाला काही कळत नाही." त्याने चहा गाळला, पण कप पुढे केला नाही. "घरी येताना गाडीत एक शब्द बोललो नाही मी त्यांच्याशी. विमानतळावरही नीट बोललो नाही."

हे मला माहीतच नव्हतं. मी माझी पापं मोजून आलो होतो, त्यात हे धरलंच नव्हतं.

"माझी माफी मागू नका, दादा," तो म्हणाला. "मी फोन लावतो. बाबांशी बोला."

त्याने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. नागपूरला दीड वाजला होता. सर बनियनवर, नुकतं जेवून बसलेले, मागे कूलरचा घरघराट. मला बघून त्यांनी चष्मा लावला.

"अरे, तुम्ही! थांबा, कूलर बंद करतो, काही ऐकू येऊन नाही राहिलं." उठले, बंद करून आले. "बोला. काय म्हणते तुमचं ते बेसबॉल?"

"सर, त्या दिवसाबद्दल सांगायचं होतं. मी चुकलो."

सरांचा चेहरा बदलला. चाळीस वर्षं वर्गात उभ्या असलेल्या माणसाला हे दोन शब्द ऐकले की काय करायचं ते ठाऊक असतं. "उभे राहून बोला," ते म्हणाले. रागाने नव्हे, सवयीनेच.

मी उभा राहिलो. माझं डोकं फोनच्या चौकटीबाहेर गेलं, म्हणून नागपूरकराने मुकाट्याने फोन उचलून माझ्यासमोर धरला.

"सर, तुमच्या मुलाला मी बाहेर काढलं. कोचनी नाही. कोचनी मला बजावलं होतं, त्याला हात लावू नकोस, त्याचे वडील बघायला येणार आहेत. या खेळात एकदा काढलेला माणूस परत येत नाही, हा नियम मला माहीत नव्हता. पुस्तक वाचलं म्हणून सांगितलं होतं, वाचलं नव्हतं. तुम्हाला थंडीत बसवून ठेवलं, तो येणार म्हणून, आणि तो येऊच शकत नव्हता. ते कळल्यावरही मी तुम्हाला वेळ संपली म्हणालो, कारण मला लाज वाटली. तो म्हणाला तुम्हाला कळत नाही, पण कळत मला नव्हतं. त्याला कोणी नापसंत केलेलं नाही, सर. तो आमचा सगळ्यात चांगला पिचर आहे, आणि तुम्ही ते दोन इनिंगमध्ये बघितलंत, तेवढंच बघायला मिळालं ते माझ्यामुळे. त्याला खेळ सोडायला सांगू नका. माझं चुकलं. मला माफ करा."